गार्मिन झीरो सी१ प्रो क्रोनोग्राफ: दोन सीझन आणि दोनेक हजार गोळ्या झाल्यावरचं मत

गोळीचा वेग मोजणाऱ्या या यंत्राचा (म्हणजे क्रोनोग्राफचा) रिव्ह्यू मी मुद्दाम उशिरा लिहितोय. यंत्र हातात आल्याच्या पहिल्याच आठवड्यात लिहिला असता तर नुसतं कौतुक झालं असतं, कारण खोक्यातून काढून पाच मिनिटांत पहिला आकडा स्क्रीनवर दिसला तेव्हा मी अक्षरशः हरखून गेलो होतो. आता दोन सीझन झाले, रायफलची एक नळी जवळपास झिजून संपत आली, दोन हजारांच्या आसपास गोळ्यांचा वेग वहीत आणि फोनमध्ये साठलाय, त्यामुळे आता बोलायला थोडा अधिकार आलाय असं वाटतं.

आधी माझं थोडं सांगतो म्हणजे कुठून बोलतोय ते कळेल. माझी रायफल ६.५ क्रीडमूर काडतुसाची, गोळी १४० ग्रेनची (ग्रेन हे वजनाचं छोटं एकक), अंतर ६०० ते १००० यार्ड, टार्गेट कागदाचं नाहीतर इलेक्ट्रॉनिक, आणि काडतुसं सगळी स्वतः भरलेली. पुंगळ्या (झाडलेल्या काडतुसांची पितळी कवचं) धुणं, अॅनील करणं म्हणजे तापवून मऊ करणं, साइझ करणं म्हणजे परत मापात आणणं, प्रायमर (पावडर पेटवणारी टोपी) बसवणं, पावडर मोजणं, गोळी बसवणं, या सगळ्यात मला नेमबाजीइतकाच आनंद मिळतो. ज्याला मिळत नाही त्याने फॅक्टरीची मॅच काडतुसं घ्यावीत, आजकाल ती फार चांगली येतात. पण स्वतः भरायला बसलात की एक प्रश्न पाठ सोडत नाही, माझी प्रत्येक गोळी सारख्याच वेगाने निघते का? १०० यार्डांवर याने काही बिघडत नाही, तिथे वेगात ३० फूट प्रति सेकंदाचा फरक असला तरी भोकात भोक पडतं. १००० यार्डांवर मात्र माझ्या लोडला (पावडर, गोळी, प्रायमर, पुंगळी यांचा ठरलेला मेळ) १० फूट प्रति सेकंद फरक म्हणजे जवळपास ३ इंच वर नाहीतर खाली. आणि एफ-क्लास या लांब पल्ल्याच्या नेमबाजीच्या प्रकारात १००० यार्डांच्या टार्गेटवर सगळ्यात आतलं वर्तुळ असतं ५ इंचांचं. म्हणजे कुठे दुखतं ते लक्षात आलं असेल.

याआधी माझ्याकडे ऑप्टिकल क्रोनोग्राफ होता, कंपनीचं नाव घेत नाही. दोन सेन्सर, त्यावर त्या प्लास्टिकच्या छत्र्या, गोळीची सावली पहिल्यावरून दुसऱ्यावर जायला किती वेळ लागला त्यावरून वेग. तत्त्व अगदी बरोबर आहे आणि या जातीच्या चांगल्या यंत्रांवर लोकांनी कित्येक वर्षं काढलीत. पण वापरायचं म्हणजे नळीच्या तोंडापासून दहा-पंधरा फूट पुढे ट्रायपॉडवर मांडायचं, त्यासाठी सगळ्या रेंजने बंदुका रिकाम्या करून मागे उभं राहायचं, मग मी पुढे जाणार, मांडणार, परत येऊन स्कोपमधून बघणार, थोडं डावीकडे आहे, की परत सगळ्यांना थांबवायचं. ढग आला की आकडा गायब, ऊन तिरकं पडलं की ४० फुटांचा फरक, आणि एकदा घाईत जरा खाली नेम धरला गेला तर सेन्सरच्या दांडीतून गोळी आरपार. त्या दिवसानंतर मी ते यंत्र महिन्यातून एकदाच बाहेर काढायचो, तेही जेमतेम पाच-दहा गोळ्यांसाठी. हे 'एकदाच' लक्षात ठेवा, पुढे त्यावरच येणार आहे. नळीला बांधायची चुंबकीय पट्टीवाली जातही मी मित्राची वापरून बघितलीय, आकडे छान येतात पण नळीच्या टोकाला वजन लटकलं की गोळी वेगळ्याच जागी लागते, म्हणजे वेग आणि ग्रुप एकाच वेळी तपासता येत नाही.

गोळीचा वेग मोजायची हौस तशी फार जुनी. बेंजामिन रॉबिन्स या इंग्रज गणितज्ञाने १७४२ मध्ये लाकडाचा जड ठोकळा लंबकासारखा टांगून त्यात गोळी मारली आणि ठोकळा किती मागे गेला त्यावरून वेग काढला. त्यानंतर बरोबर शंभर वर्षांनी, १८४२ मध्ये, ख्रिश्चन डॉप्लरने सांगितलं की लहर सोडणारी वस्तू जवळ येत असेल किंवा लांब जात असेल तर लहरीची वारंवारता बदललेली भासते. हा सी१ प्रो त्याच दुसऱ्या गोष्टीवर चालतो. रडार लहरी सोडतो, लांब पळणाऱ्या गोळीच्या बुडावरून त्या परत येतात, वारंवारतेतल्या फरकावरून वेग, आणि मागे हिशोब करून नळीच्या तोंडाशी किती होता ते. रेंजवर हौशी माणसाच्या हातात डॉप्लर रडार आधी लॅबरडार या यंत्राने आणून दिलं, ते श्रेय त्यांचंच. गार्मिनने २०२३ च्या शेवटी तीच कल्पना खिशात मावेल एवढी करून आणली.

आणि खरंच खिशात मावतो. वजन १०० ग्रॅमच्या जरासं वर, सोबत छोटा ट्रायपॉड. बाकावर रायफलच्या शेजारी, नळीच्या तोंडापासून थोडं मागे आणि थोडं बाजूला ठेवायचं, टार्गेटकडे तोंड करायचं, मेनूत रायफल निवडायचं, अंदाजे वेगाचा टप्पा सांगायचा, गोळीचं वजन भरायचं आणि चाप ओढायचा. बस. कोणाला थांबवायला नको, पुढे जायला नको, ढगांकडे बघायला नको. काळ्या-पांढऱ्या स्क्रीनवर उन्हातही आकडे स्वच्छ दिसतात, शेवटचा वेग, सरासरी, एसडी (प्रमाण विचलन, म्हणजे वेग सरासरीभोवती किती पसरलेत ते), ईएस (सगळ्यात वेगवान आणि सगळ्यात मंद गोळीतला फरक) सगळं तिथेच. कंपनी १०० ते ५००० फूट प्रति सेकंद असा पल्ला सांगते, म्हणजे धनुष्याच्या बाणापासून रायफलपर्यंत सगळं त्यात आलं. बॅटरी आतच बसवलेली, यूएसबी-सीने चार्ज होते, एका चार्जमध्ये सहा तास किंवा २००० गोळ्या असा त्यांचा दावा आहे. मी कधी एका दिवसात एवढ्या झाडल्या नाहीत पण दिवसभराची मॅच आरामात निघते. माझ्या शेजारच्या लेनवर मोठी मॅग्नम चालू असताना तिचे आकडे माझ्यात आले असंही कधी झालं नाही. घरी आलं की फोनवरच्या शॉटव्ह्यू अॅपमध्ये सगळं उतरतं आणि तिथून स्प्रेडशीटला पाठवता येतं.

अचूकतेबद्दल लोक फार विचारतात. कंपनी ०.१ टक्का म्हणते, म्हणजे २७०० च्या वेगाला २.७ फूट इकडेतिकडे. त्यामुळे मित्राचं यंत्र २७१२ दाखवतंय आणि माझं २७१५, यावर वाद घालण्यात काही अर्थ नाही, दोन्ही बरोबर आहेत. आणि समजा यातला थोडा भाग प्रत्येक गोळीला वेगवेगळा येत असला तरी एसडीवर त्याचा परिणाम फार छोटा, कारण या गोष्टी सरळ बेरजेने जात नाहीत, वर्गांच्या बेरजेने जातात. लोडची खरी एसडी ६ आणि यंत्राची चूक २ धरली तर दिसणार ६.३. एवढ्याने झोप उडवायचं कारण नाही.

पण हे सगळं ब्रोशर वाचूनही कळलं असतं, मला खरं सांगायचंय ते पुढचं आहे. या यंत्राने माझ्याकडून एक जुनी समजूत हिसकावून घेतली आणि त्याबद्दल मी त्याचा कायमचा ऋणी आहे.

लोड शोधायची माझी पद्धत काय होती? जी बहुतेकांची असते तीच. काडतुसं भरायच्या मॅन्युअलच्या हद्दीत राहून पावडर थोडी थोडी वाढवत जायची, प्रत्येक पायरीला तीन गोळ्या, वेगाचा आलेख काढायचा आणि आलेख जिथे सपाट होईल ती जागा पकडायची. म्हणजे पावडर ०.३ ग्रेनने वाढली पण वेग वाढलाच नाही अशी जागा. तिथे लोड 'माफ करणारा' असतो, वजनात थोडं मागेपुढे झालं तरी वेग तोच राहतो असं म्हणतात. मला अशी जागा सापडली होती, फार सुंदर दिसत होती, तीन गोळ्यांची एसडी चक्क ३. मी त्यावर २०० काडतुसं भरली. १००० यार्डांवर गेलो तर गोळ्या उभ्या रेषेत पसरलेल्या, १५-१६ इंच. मग मी काय केलं असेल? प्रायमर बदलला. मग नेक टेन्शन (पुंगळीची मान गोळीला किती घट्ट धरते ते) बदललं. मग गोळी लँडपासून (नळीतल्या पिळाची सुरुवात) किती मागे बसवायची ते बदललं. प्रत्येक वेळी परत तीन-तीन गोळ्या, प्रत्येक वेळी नवीन सपाट जागा. जवळजवळ एक वर्ष यात गेलं, आणि नळीचं आयुष्य गेलं ते वेगळंच.

रडार आल्यावर म्हणलं आता गोळ्या मोजायला कष्ट नाहीत, तर तीच शिडी नीट करूया, प्रत्येक पायरीला दहा गोळ्या. झाल्या. आलेखात सपाट जागा होती कुठे? सरळ रेष. पावडर वाढली तसा वेग वाढला, एकसारखा, ०.१ ग्रेनला पाचेक फूट. विश्वास बसेना म्हणून पुढच्या आठवड्यात परत केलं, परत सरळ रेष. मग त्याच डेटातून प्रत्येक पायरीच्या कुठल्यातरी तीन गोळ्या उचलून आलेख काढला तर सपाट जागा हजर! दुसऱ्या तीन उचलल्या तर सपाट जागा दुसरीकडे. म्हणजे वर्षभर मी ज्याच्या मागे पळत होतो ती चीज रायफलमध्ये नव्हतीच, ती तीन गोळ्यांच्या नशिबात होती.

हे गणितानेही पटतं, आणि हे प्रत्येक रीलोडरने भिंतीवर लिहून ठेवावं असं मला मनापासून वाटतं. समजा तुम्हाला एसडी ५ दिसली. ती पाच गोळ्यांवरून दिसली असेल तर ९५ टक्के खात्रीने एवढंच म्हणता येतं की खरी एसडी ३ ते १४ च्या मध्ये कुठेतरी आहे. ३ म्हणजे स्वप्नातला लोड आणि १४ म्हणजे १००० यार्डांना नेऊच नये असा, आणि तुमच्या पाच गोळ्यांना या दोघांतला फरक सांगता येत नाही! दहा गोळ्यांवरून असेल तर ३.४ ते ९. तीस गोळ्यांवरून ४ ते ६.७, आता कुठे बोलण्यासारखं झालं. तीन गोळ्यांचं तर बोलूच नका, तिथे वरची हद्द दिसलेल्या आकड्याच्या सहा पटींवर जाते. ईएसचंही तसंच, गोळ्या वाढल्या की ईएस वाढणारच. खरी एसडी ८ असेल तर पाच गोळ्यांत ईएस सरासरी १९ च्या आसपास येतो आणि वीस गोळ्यांत ३० च्या. म्हणून कोणी 'माझा ईएस १२ आहे' म्हणलं की मी आधी विचारतो, किती गोळ्यांचा?

आता हे गणित आधीही होतंच की, मग यंत्राचं कौतुक कशाला? तर जुना क्रोनोग्राफ महिन्यातून एकदाच बाहेर निघायचा, त्यामुळे पाच गोळ्यांचा आकडा मिळाला तरी तो सोन्यासारखा वाटायचा आणि त्यावर मी इमले बांधायचो. हा प्रत्येक वेळी बाकावर असतो. सरावाला, मॅचला, झिरो (स्कोपचा नेम जुळलाय का ते) तपासायला, नवीन पुंगळ्या फायर-फॉर्म करताना (पहिल्यांदा झाडून चेंबरच्या मापाच्या करताना), झाडलेली एकही गोळी मोजल्याशिवाय जात नाही. वेगळी 'टेस्ट' करायची गरजच उरली नाही. माझ्या सध्याच्या लोडची एसडी ७ आहे आणि ती ३४० गोळ्यांवरून आहे. त्या ७ वर माझा जेवढा विश्वास आहे तेवढा आधीच्या ३ वर कधीच नव्हता.

अजून काय काय दिसलं ते सांगतो. नवीन नळी पहिल्या दीडशे गोळ्यांत ३५ फुटांनी वेगवान झाली आणि मग स्थिरावली, म्हणजे पहिल्या पन्नास गोळ्यांवर काढलेला डोप (कुठल्या अंतराला स्कोप किती फिरवायचा तो हिशोब) मी मॅचला घेऊन गेलो असतो तर सगळं वर गेलं असतं. दुसरं म्हणजे वाऱ्याची वाट बघत काडतूस तापलेल्या चेंबरमध्ये मिनिटभर ठेवलं की पुढची गोळी हमखास वेगात निघते, पावडर शिजते ना आत. हे ऐकून माहीत होतं पण स्क्रीनवर २० फूट जास्त दिसल्यावर सवय सुटली, आता वारा ठरल्याशिवाय बोल्ट बंद करत नाही. तिसरं, पावडरच्या नव्या डब्याने, त्याच नावाच्या, त्याच वजनाला वेगळा वेग दिला. नवा लॉट म्हणजे खालून परत सुरुवात, हे मॅन्युअल उगाच सांगत नाही.

इथे एक गोष्ट कळकळीने सांगतो, खास करून नवीन भरणाऱ्यांना. वेग म्हणजे दाबाची पावती असते. मॅन्युअल त्याच पावडरला, त्याच गोळीला, त्याच लांबीच्या नळीला जो जास्तीत जास्त वेग सांगतं त्याच्या वर तुमचा आकडा गेला असेल तर ती तुमची रायफल 'फास्ट' असल्याची खूण मानून खूश होऊ नका, आत दाबही तेवढा वाढलाय. प्रायमर सपाट झालेला दिसायची, बोल्ट जड व्हायची वाट बघत बसू नका, त्या खुणा फार उशिरा येतात. आकडा वर गेला की झाडणं थांबवा, ती काडतुसं घरी नेऊन गोळ्या काढायच्या खास हातोड्याने (इनर्शिया पुलर, साधा हातोडा नव्हे) किंवा कोलेट पुलरने गोळ्या काढा आणि खालून सुरू करा. नुसत्या या एका कारणासाठी भरणाऱ्या प्रत्येकाकडे कुठलातरी क्रोनोग्राफ असायलाच हवा, हा नाही तर दुसरा.

मर्यादा आहेत. हे यंत्र फक्त नळीच्या तोंडाचा वेग देतं, गोळी पुढे कशी मंदावते ते दाखवत नाही. लॅबरडारसारखं पुढच्या टप्प्यांवरचे वेग घेऊन गोळीचा बीसी (ती हवा किती चांगली कापते ते सांगणारा आकडा) काढायचा असेल तर हे तुमच्या कामाचं नाही. मला त्याची अडचण वाटत नाही, कारण तोंडाचा वेग पक्का माहीत असला की १००० यार्डांवर गोळी कुठे लागेल ते सांगणाऱ्या बॅलिस्टिक अॅपचं गणित चुकलं तर वेगाला हात लावायचा नाही, बीसी दुरुस्त करायचा, एवढं तरी नक्की कळतं. पूर्वी मी दोन्हीकडे चाचपडायचो. बॅटरी आतली असल्यामुळे रेंजवर सेल बदलून चालू करता येत नाही, पॉवर बँक बरोबर ठेवा. आणि कुठल्या सेशनला कुठला लोड होता ते तुम्हालाच लगेच लिहून ठेवावं लागतं, घरी जाऊन लिहू म्हणलं की विसरलंच, मी नाव देताना लॉट नंबर आणि तापमान दोन्ही टाकतो.

घ्यावा का? तुम्ही ३०० यार्डांच्या आतच असाल आणि फॅक्टरीची काडतुसं वापरत असाल तर नका घेऊ, तेवढ्या पैशाच्या गोळ्या घ्या. लांब मारत असाल आणि स्वतः भरत असाल तर प्रेस आणि वजनकाट्यानंतरची पुढची खरेदी हीच करा, महागड्या डायच्या (पुंगळीला माप देणारा साचा) आधी, गोळ्या वजनाने निवडायच्या भानगडीच्या तर कितीतरी आधी. फक्त एसडी ५ च्या खाली आणायच्या वेडात पडू नका. माझंच उदाहरण घ्या. एसडी ९ होती तेव्हा वेगामुळे उभा पसारा साधारण २.७ इंच, तोही एसडीच्याच भाषेत, आणि रायफलचा नि माझा स्वतःचा मिळून २.६, दोन्ही वर्गांच्या बेरजेने पावणेचारच्या जवळ. एसडी ९ वरून ५ वर आणली तरी तो ३ वर येतो, शून्यावर नाही. तिकडे ताशी १ मैल आडवा वारा वाचायला चुकलो तर गोळी ७ इंच बाजूला. ०.०२ ग्रेनपर्यंत मोजणारा काटा माझ्याकडेही आहे, मला तो आवडतोही, पण वारा वाचायला बसलेल्या एका तासाने मला जेवढे गुण मिळवून दिले तेवढे त्याने दिले नाहीत.

गेल्या महिन्यात एक वेगळाच प्रयोग केला. १००० यार्डांवर वीस गोळ्या इलेक्ट्रॉनिक टार्गेटवर झाडल्या, प्रत्येक गोळी कुठे लागली ते टार्गेटने सांगितलं आणि तिचा वेग रडारने, घरी दोन्ही शेजारी शेजारी मांडले. उभा पसारा १५ इंच. मला वाटलं होतं वेगवान गोळ्या वर आणि मंद गोळ्या खाली दिसतील. सगळ्यात वर लागलेली गोळी २७०६ ची निघाली, सरासरीपेक्षा ८ ने मंद! सगळ्यात खालची २७१९. म्हणजे त्या दोन टोकांना पावडर, पुंगळी, प्रायमर यांचा काही संबंध नव्हता. मग मित्राला शेजारी बसवून फोनवर व्हिडिओ काढायला लावला, तर दिसलं की आठ-दहा गोळ्यांनंतर मागची वाळूची पिशवी हळूहळू चपटी होते आणि मी नकळत गालाने दस्ता दाबून नेम वर नेतो. पिशवी उसवून जड वाळू ठासून भरली, परत शिवली. परवा त्याच लोडच्या वीस गोळ्या १२ इंचांत बसल्या. एका स्ट्रिंगवरून (सलग झाडलेल्या गोळ्यांच्या एका फेरीवरून) मी काही बोलणार नाही, अजून चार झाल्या की इथेच आकडे टाकतो.